ओट्यावर काय ठेवायचं?

इंटिरियर करणाऱ्या मुलीनं टॅब आमच्याकडे सरकवला आणि विचारलं, "सर, मॅम, स्टाइल कुठली? मिनिमल की ट्रॅडिशनल?"

ताथवड्यातला आमचा टू बीएचके तेव्हा नुसता भिंतींचा होता. स्वयंपाकघर आठ बाय नऊ, त्याला लागून चिंचोळी ड्राय बाल्कनी. बिल्डरनं बसवलेला काळ्या ग्रॅनाइटचा ओटा आणि सिंक, बाकी काही नाही. टॅबवर दोन फोटो होते. एकात सगळं पांढरं. दारांना हँडल नाहीत, भिंतीवर काही टांगलेलं नाही, ओट्यावर एक छोटी कुंडी आणि बाऊलमध्ये पाच लिंबं. दुसऱ्यात सागवानी रंगाची दारं, पितळी कड्या, भिंतीवर ओळीनं तांब्या-पितळेची भांडी आणि कोपऱ्यात शोभेला पाटा-वरवंटा.

बायको म्हणाली, "पहिला." मी म्हणालो, "दुसरा." दोघंही एकाच वेळी.

ती मुलगी हसली. तिला याची सवय असावी. "दोन्हीचं कोटेशन पाठवते," म्हणाली. संध्याकाळी मेल आलाही. पांढरं चार लाख साठ हजार, सागवानी पाच लाख दहा हजार, जीएसटी वेगळा.

पुढचे तीन आठवडे आम्ही याच विषयावर भांडलो. बायको डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये वाढली. चार माणसं, आणि एकाच खोलीत गॅस, मिक्सर, पाण्याचं पिंप, देव, दप्तरं, वाळत घातलेले कपडे. दहावीचा अभ्यास तिनं ओट्याला पाठ टेकून केलाय, डोक्यावर कुकरच्या शिट्ट्या. "मला आयुष्यात एकदा रिकामा ओटा बघायचाय," ती म्हणाली. यावर मला दिवसभर काही बोलता आलं नाही.

माझं कारण इतकं भक्कम नव्हतं, पण ते जास्त सुंदर आहे असं मला वाटत होतं. माझ्या डोक्यात कराडचं स्वयंपाकघर होतं. कडाप्पाचा ओटा, भिंतीवर स्टीलची मांडणी, वरच्या फळीवर चकचकीत पितळी डबे आणि घागरी. खिडकीतून सकाळचं ऊन त्यांच्यावर पडायचं. त्या पांढऱ्या फोटोत मला एखाद्या दवाखान्यात गेल्यासारखं वाटत होतं.

ज्या माणसाला विचारायला हवं होतं ते कराडला होतं, आणि आम्ही विचारलंच नव्हतं.

•

बाबा गेल्यानंतर दोन वर्षं आई कराडला एकटी राहिली. जानेवारीत मोरीत पाय घसरून पडली, मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण गुडघे आधीपासूनच कुरकुरत होते. मग ठरलं, ती कायमची पुण्याला येणार आणि कराडचं घर भाड्यानं द्यायचं. ठरलं म्हणजे मी ठरवलं आणि ती गप्प बसली.

सॉफ्टवेअरमध्ये एक नियम सांगतात, लॅरी टेस्लरच्या नावानं ओळखला जातो. हाच तो माणूस, ज्याच्यामुळे आपण कट-कॉपी-पेस्ट करतो. नियम असा: प्रत्येक कामात काही गुंतागुंत असतेच आणि ती एका मर्यादेखाली नाहीशी करता येत नाही. ती फक्त इकडून तिकडे सरकवता येते. स्क्रीनवर एकच बटण दिसत असेल तर त्या बटणाचा त्रास मागं कुणीतरी प्रोग्रॅमर काढत असतो.

हा नियम मी ऑफिसात दहा वेळा ऐकवला असेल. घरात कधी लावून बघितला नव्हता. तोवर आम्ही वाकडला भाड्यानं राहत होतो आणि आमचं स्वयंपाकघर तसं मिनिमलच होतं. दोन कढया, एक कुकर, सहा डबे. मला वाटायचं, आम्ही सुटसुटीत माणसं आहोत. खरं असं होतं की किराणा दहा मिनिटांत दारात येत होता, म्हणजे आमचं फडताळ कुठल्यातरी गोदामात होतं आणि ते घेऊन कुणीतरी स्कूटरवर धावत होतं. आणि दर दीड-दोन महिन्यांनी कराडहून एक खोकं यायचं. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी, सांडगे, कुरडया, लिंबाचं लोणचं, मुरवून सहा महिने झालेलं. आमच्या मिनिमलिझमचं गोदाम कराडला होतं. आता ते गोदाम बंद होणार होतं, आणि त्यातलं सगळं आठ बाय नऊमध्ये बसवायचं होतं.

•

मे महिन्यात आठवडाभर वर्क फ्रॉम होम घेऊन मी कराडला गेलो, आवराआवर करायला. इंजिनिअर माणूस आवराआवर करण्याआधी मोजतो. मी स्प्रेडशीट उघडली आणि स्वयंपाकघरातली भांडी मोजली. चमचे, वाट्या सोडून आणि डबे धरून २१४. मग सात दिवस रोज रात्री आईला विचारून खुणा केल्या, आज काय काय वापरलं. सातव्या दिवशी आकडा आला, ४१.

"आई, ८१ टक्के भांड्यांना आठवड्यात हात लागला नाही," मी म्हणालो. आमच्या भाषेत याला डेड कोड म्हणतात, बिनधास्त काढून टाकतात.

आई लसूण सोलत होती. "गौरी-गणपतीला ये मग मोजायला," ती म्हणाली.

बरोबरच होतं. आमच्या कंपनीत वर्षअखेरीला एकदाच चालणारा एक प्रोग्रॅम आहे. एका नव्या मुलानं तो निरुपयोगी समजून काढला होता आणि ३१ मार्चच्या रात्री आम्ही सगळे जागे होतो. पुरणयंत्र वर्षातून चार वेळा लागतं. सोऱ्या दिवाळीला. मोठी परात चाळीस माणसांची कणीक मळायला, आणि चाळीस माणसं आता येत नाहीत, पण बाबांच्या तेराव्याला आली होती. चिनी मातीच्या बरण्या फक्त उन्हाळ्यात रिकाम्या दिसतात. यंदा त्या रिकाम्याच राहणार होत्या. बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या आणून, देठं काढून, उन्हात घालून, डंकावर उभं राहून चटणी कांडून आणण्याइतकं तिचं मनगट अजून बरं नव्हतं.

मग मी भांड्यांवरची नावं वाचत सुटलो. आपल्याकडे भांडं विकत घेतलं की दुकानदार विचारतो, नाव काय घालू? आणि टिकटिक करत ठिपक्यांनी नाव कोरतो. 'चि. सौ. कां. यांस मामाकडून.' 'वास्तुशांतीप्रीत्यर्थ.' आजीचं नाव, तिच्या सासूचं नाव, १९६८, १९८१, १९९३. जवळपास प्रत्येक भांडं कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी निमित्तानं दिलेलं. मला गिटचा लॉगच वाटला तो, कुणी केव्हा काय बदल केला याची नोंद. मी भारावून गेलो. पितळेच्या डब्यांचे फोटो काढून बायकोला पाठवले आणि आईला म्हणालो, "ही सगळी न्यायची. भिंतीवर लावू. पारंपरिक किचन करू."

आईनं वर बघितलं. "घासणार कोण?"

मी म्हटलं, "शोभेला फक्त."

"शोभेची जास्त घासावी लागतात."

मग तिनं हात धुतले आणि मला समोर बसवून सांगितलं. रागानं नाही. पितळ हवेनं काळं पडतं. पूर्वी चिंच आणि राख, नंतर पितांबरी, पण हात तेच. आतून कल्हई नसेल तर आमटी-ताक कळकतं, म्हणून कल्हईवाला आला की सगळी भांडी बाहेर काढायची, तो नवसागर टाकून कथील फिरवायचा, मग पुन्हा सगळं घासून वर. सणाच्या आदल्या दिवशी ती आणि आजी दोघी मागच्या दारी बसायच्या, दुपारी दोन ते सहा. "तुला चकचकीत झालेली आठवतात," आई म्हणाली. "मला काळी पडलेली आठवतात."

मी जरा वेळानं म्हणालो, "मग ते पांढरं आवडलं का तुला?" आणि मोबाइलवर पहिला फोटो दाखवला.

तिनं चष्मा लावला. फोटो दोन बोटांनी मोठा केला, कोपऱ्याकोपऱ्यात फिरवला, जशी ती साडीचा पोत बघते. मग प्रश्न सुरू झाले. ह्यात ओलं फडकं कुठं वाळत घालतात? कचऱ्याचा डबा कुठंय? मेथी निवडायला बसायचं कुठं? पिठाच्या हातानं हे बिनकडीचं दार उघडायचं कसं? मोहरी तडतडल्यावर मागची पांढरी भिंत कोण पुसणार?

मग तिनं दुसरा फोटो मागितला आणि तोही तसाच तपासला. मोबाइल परत देताना म्हणाली, "दोन्हीत कुणी स्वयंपाक करत नाहीये."

आणि अगदी सहज पुढं म्हणाली, "ते भांडी घासायचं मशिन येतं ना, ते बसवता येईल का बघा."

मी तिच्या वतीनं परंपरा सांभाळायला निघालो होतो. तिला डिशवॉशर हवा होता.

त्या संध्याकाळी तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. मला जे पारंपरिक वाटतं ते कडाप्पाच्या ओट्याचं स्वयंपाकघर तिच्या लग्नानंतर झालं, गॅसची शेगडी आली तेव्हा. त्याआधी आजी चुलीपुढं बसून रांधायची. उभ्यानं स्वयंपाक म्हणजे काहीतरीच, असं आजीचं मत होतं. वर्षभर ती गॅस खाली ठेवून पाटावर बसूनच पोळ्या करत होती. म्हणजे माझी परंपरा हे आजीच्या घरात घुसलेलं फॅड होतं.

•

पुण्याला आल्यावर रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याचं मूळ १९२६च्या जर्मनीत सापडतं. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफुर्टमध्ये घरांची टंचाई होती आणि कामगारांसाठी मोठ्या वसाहती बांधल्या जात होत्या. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की नावाच्या व्हिएन्नाच्या तरुण स्त्री आर्किटेक्टनं त्यांच्यासाठी स्वयंपाकघर आखलं. साधारण सव्वासहा फूट रुंद, अकरा फूट लांब. आगगाडीच्या डायनिंग कारमधल्या चिंचोळ्या स्वयंपाकघरावरून सुचलेलं. कुठल्या कामाला किती पावलं पडतात, किती वेळ लागतो, याचा हिशेब करून. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं त्या वसाहतींमध्ये बसली.

त्याचे फोटो बघून मला आश्चर्य वाटलं. कारण ते रिकामं नव्हतंच. एका भिंतीला ॲल्युमिनियमच्या छोट्या खणांची रांग, प्रत्येकावर नाव: साखर, तांदूळ वगैरे. पिठाचा खण ओक लाकडाचा, अळ्या होऊ नयेत म्हणून. बसून काम करायला खाली-वर होणारं स्टूल. थोडक्यात, मिसळणाच्या डब्याचा मोठा भाऊ. मिनिमल किचनची ही आजी स्वतः भरगच्च होती. फक्त तिच्या प्रत्येक गोष्टीला जागा होती आणि त्या जागेला कारण होतं.

आणि तरी त्यात एक गोम होती. ते एकाच बाईसाठी आखलेलं होतं. दुसरं माणूस मदतीला आलं तर त्याला उभं राहायलाही जागा नाही. श्युट्टे-लिहोत्स्कीनं पुढं स्वतःच सांगून टाकलं, की ते किचन आखलं तेव्हा तिला स्वयंपाक येत नव्हता, कधी घर चालवलेलं नव्हतं. मला ते वाचून तिच्याबद्दल राग आला नाही, जवळीक वाटली. मी तरी काय वेगळं करत होतो?

हे सगळं मी उत्साहानं बायकोला सांगितलं. म्हटलं, आपण स्टाइल बाजूला ठेवू, आधी रिक्वायरमेंट काढू. पुन्हा स्प्रेडशीट. एका रकान्यात कामं: दूध तापवणं, डबे भरणं, कणीक मळणं, पोळ्या, भाजी निवडणं, चिरणं, फोडणी, कुकर, ओटा पुसणं, सिंक घासणं, ओला कचरा, फ्रिज आवरणं, किराणा संपत आलाय हे लक्षात ठेवणं. शेजारच्या रकान्यात किती वेळ, किती वेळा. त्याच्या शेजारी, कोण.

आम्ही दोघांनी बसून ती भरली. बावीस कामं झाली. बायको शेवटचा रकाना वरून खाली वाचत गेली आणि म्हणाली, "ह्यात तू कुठंयस?"

मी शोधलं. रविवारचा चहा. पिण्याचं पाणी भरणं.

आता आई येणार म्हणून काही कामांपुढं बायकोच्या नावाऐवजी आईचं नाव पडलं होतं. ते मीच टाइप केलं होतं, आणि टाइप करताना मला काहीही खटकलं नव्हतं. आईला आराम मिळावा म्हणून मी तिला पुण्याला आणत होतो आणि तिच्या नावावर अकरा कामं लिहून मोकळा झालो होतो.

ज्या खोलीत मी सगळ्यात कमी उभा राहतो, त्या खोलीच्या रूपावरून मी महिनाभर भांडलो होतो. कारण मला ती फक्त बघायची होती. बायकोचा रिकामा ओटा निदान तिच्या पाठीनं मागितलेला होता.

त्या रात्री आम्ही पहिल्यांदा स्टाइल सोडून बोललो. गोड बोललो असं नाही. बऱ्याच जुन्या गोष्टी निघाल्या, लॉकडाऊनपर्यंत मागं गेल्या. पण शेवटी ती शीट पुन्हा भरली गेली. सकाळचे डबे आणि रात्रीनंतरची आवरासावर माझ्या नावावर आली. मग एक गंमत झाली. माझं नाव लागल्याबरोबर मला ओट्याची उंची किती आहे याची फिकीर वाटायला लागली.

•

ओटा चौतीस इंच होता. बायको पाच फूट सहा, मी पाच फूट नऊ, आई चार फूट दहा. चौतीस इंचांवर पोळी लाटायला आईला खांदे वर करावे लागत होते. म्हणून खिडकीशेजारी तीन फुटांचा तुकडा एकोणतीस इंचांवर घेतला, खाली गुडघे जातील अशी मोकळी जागा आणि एक स्टूल. तिथं बसून भाजी निवडता येते, पोळ्या लाटता येतात. सुतार म्हणाला, लेव्हल बिघडेल, दिसायला बरं नाही. करून मात्र दिलं.

रोजची ४१ भांडी कमरेच्या उंचीच्या ड्रॉवरमध्ये आली, वाकायला नको, चढायला नको. सोऱ्या, पुरणयंत्र, मोठी परात वरच्या कपाटात गेली, जिथं फक्त माझा हात पोचतो. म्हणजे सण आला की मला बोलवावं लागणार, हे आईनं मुद्दाम केलं असावं अशी मला शंका आहे. दारांना हँडल लावली. रंग पांढरा नाही, सागवानीही नाही, राखाडी मॅट, कारण त्यावर हळदीची बोटं कमी दिसतात. फडक्यासाठी ड्राय बाल्कनीच्या दाराआड दांडी. डिशवॉशर सिंकशेजारी. आणि गॅसच्या डाव्या हाताला अडीच फूट ओटा असा, की त्यावर कुणीही, कधीही, काहीही ठेवायचं नाही. तो बायकोचा.

पितळेचं काय करायचं, हे आईनं ठरवलं. बहुतेक मोडीत काढलं. वजनावर चांगले पैसे आले. मला गलबलून आलं आणि मी नावांचे फोटो काढत बसलो. आई म्हणाली, "कुणी काय दिलं ते मला पाठ आहे." मामाची कळशी तिनं मामेबहिणीला दिली, आजीचा डबा माझ्या आत्याला. मी लॉग समजत होतो, तिच्या लेखी ते देण्याघेण्याचं खातं होतं आणि ती ते बंद करत होती.

स्वतःसाठी तिनं एक स्टीलची पातेली ठेवली. बुडाशी पोचा आलेली, मी मोजली तेव्हा मला तिच्यात विशेष काही दिसलं नव्हतं. तिच्यावर कुणाचंच नाव नाही.

"ही कुणी दिली?" मी विचारलं.

"कुणी नाही. बोहारणीकडून घेतली. दोन साड्या आणि तुझ्या बाबांची पँट. ती तिसरी साडी मागत होती. तीन दुपारी आली, मी दिली नाही."

एवढं सांगताना ती ज्या रीतीनं हसली, तसं ती पितळेबद्दल बोलताना एकदाही हसली नव्हती.

•

काम झाल्यावर महिन्याभरानं इंटिरियरवाली मुलगी फोटोग्राफरला घेऊन आली. त्यांना त्यांच्या पेजवर टाकायचं होतं. तिनं अजीजीनं विचारलं, "काकू, ओट्यावरचं सगळं पाच मिनिटं हलवलं तर चालेल?" आईनं तेलाची बुधली, मिठाचा सट, चहा-साखरेचे डबे, मिसळणाचा डबा, कोथिंबिरीची जुडी, ओलं फडकं आणि तिची औषधं असं सगळं परातीत भरून हॉलमधल्या सोफ्यावर नेऊन ठेवलं. फोटोग्राफरनं बॅगेतून एक कुंडी काढली. लिंबं आमचीच होती.

फोटो फार सुंदर आलेत. खाली बऱ्याच लोकांनी विचारलंय, लॅमिनेट कुठलं. स्टूल त्यांनी चौकटीबाहेर सरकवलं होतं, त्यामुळं खिडकीपाशी ओटा खाली का उतरलाय हे बघणाऱ्याला कळत नाही. ते डिझाइन वाटतं.

ते लोक निघाल्यावर परात परत आली. सगळं आपापल्या जागी बसलं, बायकोचे अडीच फूट सोडून. आईनं बोहारणीची पातेली गॅसवर ठेवली, आधण घातलं आणि मला म्हणाली, "आलं किस." मी आल्याची किसणी शोधायला लागलो. तीन ड्रॉवर उघडले. चौथ्यात सापडली.